घास मुलाचा, घाई आपली

प्रस्तावना

“ताई, हा काही खातच नाही हो.”

डोंबिवलीत मी पंचवीस वर्षं पाळणाघर चालवलं. सकाळी साडेसातला, लोकल गाठायच्या गडबडीत, दाराशी उभ्या राहून आया हे वाक्य बोलायच्या आणि पिशवी माझ्या हातात द्यायच्या. पिशवीत तीन डबे, दुधाची बाटली, बिस्किटांचा पुडा, आणि “मागितलं तर द्या” म्हणून बांधलेली एखादी पुरचुंडी. सुरुवातीच्या वर्षांत हे सगळं मुलाच्या पोटात घालणं म्हणजेच माझं काम, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी डबा रिकामा गेला की आई खूश, आणि आई खूश म्हणून मी खूश. मुलाचं काय, हे विचारायचं दोघींनाही सुचत नव्हतं.

त्या वर्षांत दीड वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे होता. एका दुपारी डब्यात चार चमचे खिचडी उरली. मी त्याला मांडीत घट्ट धरलं आणि ते चार चमचे भरवले. पाचव्या मिनिटाला खाल्लेलं सगळं माझ्या साडीवर आलं. त्यानंतर आठ दिवस चमचा दिसला की तो ओठ मिटून मान फिरवायचा. चूक माझीच होती. नवव्या दिवशी मी त्याला भरवायचं सोडलं. त्याला पाटावर बसवलं, छोट्या वाटीत मऊ वरणभात दिला आणि समोर माझं ताट घेऊन मी जेवायला बसले. त्यानं आधी वाटी पालथी केली. मग सांडलेल्या भातातलं एक शीत चिमटीत उचललं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. अर्ध्या तासात त्याच्या पोटात जेमतेम सहा-सात चमचे गेले असतील, पण ते त्यानं स्वतःच्या हातानं खाल्ले होते. त्या दिवशी त्याचा डबा मी अर्धा भरलेला परत पाठवला आणि त्याच्या आईला खरं काय ते सांगितलं.

हे पुस्तक त्या शितापासून सुरू झालं. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरच्या घरी होणारे साधे पदार्थ आणि जेवताना उपयोगी पडणाऱ्या वस्तू, एवढाच त्याचा विषय. पदार्थ पुढच्या पानांत आहेत. ते करायला घेण्याआधी काही गोष्टी मनात पक्क्या असाव्यात, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

पहिली गोष्ट म्हणजे साधा हिशेब. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेलं मूल वर्षाचं होईपर्यंत साधारण तिप्पट होतं, म्हणजे बारा महिन्यांत सहा किलो वाढतं. दुसऱ्या वर्षात हीच वाढ दोन-अडीच किलोवर येते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते, हा शरीराचा शहाणपणा आहे. आई मात्र दहाव्या महिन्यात मूल कसं चाटूनपुसून खायचं ते आठवत असते आणि पंधराव्या महिन्यात काळजीनं अर्धी होते. त्यात आपलं मापही चुकतं. मुलाच्या पोटात एका वेळी मावणारं अन्न वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. दहा किलोच्या मुलाला हे ३०० मिलिलिटर होतं, आणि ही झाली शीग लावून भरण्याची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेचं माप एक ते दोन वर्षांच्या मुलाला एका जेवणात २५० मिलिलिटरच्या वाटीची पाऊण ते एक वाटी असं आहे. दिवसातून अशी तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी हलकं. आपल्या घरची आमटीची वाटी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लक्षात येईल की “काहीच खात नाही” म्हणून सांगितलेली बरीच मुलं पुरेसं खात असतात.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हा आकडा केवळ गरिबीनं भरलेला नाही. माझ्या पाळणाघरातल्या चांगल्या पगारदार घरांतली मुलंही फिकुटलेली असायची. त्यांच्या दिवसाची मांडणी विचारली की उलगडा व्हायचा. सकाळी दूध, मग चहात बुडवलेलं बिस्कीट नाहीतर टोस्ट, अकराला परत दूध, दुपारी तूप-मीठ-भात, चारला दूध, रात्री दूध-पोळी. दुधात लोह नावापुरतंच असतं. लिटरभर दूध पोटात गेलं की दुसऱ्या अन्नाला भूकच उरत नाही. चहातली टॅनिन्स अन्नातलं थोडंफार लोहही शरीराला मिळू देत नाहीत. “घोटभरच देतो हो, रंगापुरता,” असं आजोबा म्हणतात. त्या घोटाबरोबर भाजीतलं लोह वाया जातं. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला दोन कप दूध पुष्कळ झालं आणि चहा मुळीच नको. या पुस्तकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

वाटीत काय असावं हे ठरवायला फार अभ्यास लागत नाही. आहारशास्त्राच्या मोजणीत लहान मुलाच्या अन्नाचे आठ गट असतात: आईचं दूध, धान्यं आणि कंद, डाळी-दाणे-तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी आणि गर्द हिरव्या भाज्या-फळं, आणि इतर भाज्या-फळं. दोन वर्षांपर्यंत दिवसभरात यातले निदान पाच गट पोटात जावेत अशी अपेक्षा आहे. आपल्या स्वयंपाकघरात हे पाच गट एरवीही हजर असतात. वरणभात, वर तूप, त्यात कुस्करलेला लाल भोपळा, चार थेंब लिंबू आणि बाजूला दोन चमचे दही. यात चार गट झाले. सकाळी आईचं दूध किंवा दुपारी अर्धं केळं, की पाच. लिंबाचे थेंब चवीपुरते समजू नका. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात जायला ‘क’ जीवनसत्त्वाचा हात लागतो. तूपही लाडाचं नाही. भोपळ्या-गाजरातून मिळणारं ‘अ’ जीवनसत्त्व शरीरात जायला स्निग्धांश लागतो. शिवाय पोट लहान असल्यामुळे थोडक्या अन्नात जास्त ताकद भरायचा तो सोपा उपाय आहे. आणि वरणभाताचं लग्न तर कुणी शास्त्रज्ञानं लावलं नाही. तांदळात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ या मापाच्या खिमटात आपल्या पणज्यांनी हेच साधलं होतं.

खिमटाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते विस्मरणात चाललंय आणि बाजारातले डबे त्याच्या जागी येऊन बसलेत. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ वेगवेगळी धुवायची, पंचावर पसरून सावलीत खडखडीत वाळवायची. मंद आचेवर तांदूळ फुलल्यासारखा दिसेपर्यंत आणि डाळ खमंग वासाची होईपर्यंत भाजायची. चमचाभर जिरं, चिमूटभर ओवा. गार झालं की मिक्सरवर रव्यासारखं भरड काढायचं. बारीक पीठ करायचं नाही, कारण वर्षाच्या मुलाला जिभेवर कण लागायला हवेत. दोन चमचे भरड, वाटीभर पाणी, मंद आचेवर आटेपर्यंत हलवायचं, वरून तूप. एका वेळी दहा-बारा दिवसांपुरतंच करावं, डब्यात ओला चमचा जाऊ देऊ नये. अमेरिकेत नातवंडं असलेल्या किती आज्यांच्या बॅगेत ही भरड विमानातून गेली असेल, त्याची गणती नाही.

दुसरी आठवण नाचणीची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. कोकणात नाचणी भिजवून, वाटून, गाळून, वाळवून सत्त्व करतात. ते पचायला हलकं खरं, पण गाळताना कोंडा आणि त्याच्याबरोबर बराच ऐवज निघून जातो. वर्षाच्या पुढच्या मुलाला मोड आणलेल्या नाचणीचं पीठ अधिक चांगलं. मोड आले की धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिठातला स्टार्च तोडतं. त्यामुळे होतं काय, तर नेहमीची पेज घट्ट झाली की मूल गिळत नाही, पातळ केली की पोट पाण्यानं भरतं. मोडाच्या पिठाची पेज मात्र भरपूर पीठ घालूनही सैल राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर काम केलं. घट्ट पेजेत मोडाच्या धान्याचं पीठ चमचाभर मिसळलं की ती पाहता पाहता सैल होते. हा प्रयोग ओट्यापाशी उभं राहून कुणीही करून पाहावा.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. उष्टावणाच्या दिवशी सोन्याच्या अंगठीनं मध चाटवण्याची हौस बऱ्याच घरांत असते. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून लकवा आणणारं विष तयार करतात. मीठ-साखरेचंही तसंच. वर्षाच्या आत दोन्ही नकोत आणि साखर दोन वर्षांपर्यंत लांबवता आली तर उत्तम. “अळणी कसं खाईल बिचारं?” हा प्रश्न आपल्या जिभेचा आहे. ज्यानं मीठ चाखलंच नाही त्याला अळणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. गूळ ही साखरेचीच बहीण, तीही जपूनच. सहाणेवर उगाळलेलं बदाम-खारीक द्यायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. उगाळून निघतं ते बोटाला लागण्याइतकं. खरी ताकद वाटीभर वरणभातात, अंड्यात, नीट काटे काढलेल्या माशाच्या तुकड्यात असते. मांसाहार करणाऱ्या घरांत लहान मुलाला मात्र नुसता रस्सा-भात देतात. तो रस्सा मोठ्यांना द्या आणि मुलाला मऊ तुकडा.

आकाराकडे आपलं लक्ष सर्वांत कमी असतं, आणि खरा धोका तिथेच असतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराची चकती, सीताफळ-चिकूच्या बिया, चिंचोका, साखरफुटाणा. यातलं काहीही चार-पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला लागू नये. शेंगदाणा वाईट नाही, त्याचं बारीक कूट भाजीत जरूर घाला. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करा. माझ्याकडे एकदा पळता पळता एका मुलीच्या घशात सफरचंदाची फोड अडकली. पाठीवर थोपटून ती निघाली. त्या दहा सेकंदांनी मला दहा वर्षं पुरेल एवढं शिकवलं. त्या दिवसापासून बसल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही हा पाळणाघराचा पहिला नियम झाला. लहान मुलाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष करवून घेऊन शिका. वाचून हे जमत नाही.

आता वस्तूंकडे वळते. आपल्याकडे यांची कमतरता कधीच नव्हती. तान्ह्याला दूध पाजायला चोचीचं बोंडलं होतं, लाळ टिपायला लाळेरं होतं, बारशाला चांदीची वाटी-चमचा यायचा, बसायला पाट होता. आज लाळेऱ्याचं सिलिकॉनचं बिब झालं, पाटाची हाय चेअर झाली आणि वाटीच्या बुडाला चिकटायची सोय आली. वस्तूंना माझा विरोध नाही. दुकानात उभं राहून स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू मुलाच्या हाताला मदत करते, की माझ्या घाईला?

लाळेऱ्यापासून सुरुवात करू. खाली पन्हळीसारखा खिसा असलेलं सिलिकॉनचं लाळेरं चांगलं. सांडलेलं त्यात जमतं आणि मूल पुन्हा त्यातूनच वेचून खातं. पाण्याखाली धुतलं की पाच मिनिटांत वाळतं. पांढरं किंवा फिकट रंगाचं घेऊ नका. आपल्या हळदीपुढे कुठलंही सिलिकॉन टिकत नाही, चार दिवसांत ते पिवळं पडतं. परवडत नसेल तर जुन्या सुती साडीचं बंदाचं लाळेरं शिवा, सहा असू द्या.

बुडानं चिकटणारी वाटी गुळगुळीत टेबलावर झकास बसते. पाटावर, सतरंजीवर, खडबडीत फरशीवर ती चिकटतच नाही. तेव्हा घरी मूल कुठे बसून जेवतं ते आधी पाहा आणि मग पैसे मोजा. खाली बसून जेवणाऱ्या मुलाला बुडाशी जड, सरळ उभ्या काठाची, पसरट स्टीलची वाटी पुरते. काठ उभा असला की चमच्याला घास टेकवायला भिंत मिळते. निमुळत्या वाटीत तो घास नुसता घसरत राहतो. स्टीलच्या वाटीचा एकच दोष: गरम वरण वाढलं की तीही तापते, म्हणून आधी ताटलीत अन्न निववून घ्यावं. पितळेच्या वाटीची हौस असेल तर कल्हई ताजी असल्याशिवाय त्यात दही-ताक-लिंबू घालू नका. प्लॅस्टिकच्या वाटीत कढत अन्न वाढू नका आणि ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

चमचा आखूड, जाड मुठीचा आणि उथळ असावा. दीड वर्षाचं मूल चमचा मुठीत धरतं, बोटांत नाही. बारशाचा चांदीचा चमचा बारीक दांड्याचा आणि खोलगट असतो, तो आपण भरवायला ठीक. मुलाच्या मुठीत तो फिरतो आणि घास तोंडाजवळ येईतो उलटा होतो. दोन चमचे ठेवा, एक त्याच्या हातात, एक तुमच्या. त्याचा चमचा चुकला तर तुमच्यातला घास त्याच्या वाटीच्या काठावर ठेवा, तोंडात कोंबू नका.

पाणी पिण्यासाठी तोटीचे, झडपेचे, न सांडणारे कप बाजारात पुष्कळ आहेत. प्रवासात ते उपयोगी पडतात. घरात मात्र छोटं फुलपात्र हातात द्या, त्यात दोनच घोट पाणी घालून. सांडून सांडून सांडेल किती? दोन घोट. ओठ पेल्याच्या काठाला लावून घोट आवरणं ही शिकायची कला आहे, आणि तोटीतून चोखत राहिल्यानं ती येत नाही. दुधाची बाटली वर्षाच्या सुमारास सुटावी. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडलेले मी फार पाहिले. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. दुधाच्या बाटल्या, पावडरचं दूध आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे; २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कायदा करणाऱ्यांना त्यात धोका दिसला होता. आपणही तो पाहावा.

बसायची जागा कुठलीही चालेल, दोन अटींवर: पाठ सरळ राहावी आणि पाय टेकावेत. हाय चेअर घेतलीत तर पट्टा लावायचा कंटाळा करू नका. पाय लोंबकळत असतील तर खाली ठोकळा किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा बांधा. पाय अधांतरी असले की मूल तोल सावरण्यातच गुंततं आणि लवकर उठायला बघतं. पाटावर मांडी घालून बसलेल्या मुलाला हा प्रश्नच नाही. खाली जुनं प्लॅस्टिकचं मेजपोस अंथरा, झालं काम. आणि घरात पुरणयंत्र असेल तर माळ्यावरून खाली काढा. सुरुवातीच्या महिन्यांत उकडलेला भोपळा, बटाटा, मटार त्यातून काढले की मिक्सरसारखे गुळगुळीत होत नाहीत, जिभेला कण लागतील एवढे राहतात. महागड्या ‘बेबी फूड मेकर’पेक्षा ते चांगलं आणि वीज लागत नाही.

आता उरला प्रश्न भरवण्याचा. आपल्याकडे चिऊचा घास, काऊचा घास करत आई अंगणात मुलामागे फिरायची. त्यात गोडवा होता, आणि आईच्या पदराशी बांधलेला निवांत वेळ होता. आता अंगण गेलं, चिमण्या गेल्या आणि त्यांची जागा मोबाईलनं घेतली. स्क्रीनकडे टक लावून बसलेलं मूल तोंड उघडतं, घास आत जातो आणि आपल्याला वाटतं जेवलं. त्यानं काय खाल्लं, पोट कधी भरलं, हे त्याला कळलेलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासभरापेक्षा जास्त नको. जेवणाचा अर्धा तास या मोजणीतून वगळलेला नाही.

क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२६ च्या सुमारास एक धाडसी प्रयोग सुरू केला. नुकतंच दूध सुटू लागलेल्या पंधरा मुलांपुढे तीसेक साधे पदार्थ ठेवले: धान्यं, भाज्या, फळं, अंडी, मांस, दूध. परिचारिकांनी काही सुचवायचं नाही, आपणहून भरवायचं नाही. मूल ज्याकडे बोट करेल तेच द्यायचं. मुलं कधी कधी एकाच पदार्थावर तुटून पडायची, कधी विचित्र जोड्या जमवायची. पण महिनोन्‌महिने पाहता ती उत्तम वाढली. यातली खरी मेख डेव्हिस बाईंनी स्वतःच सांगितली: त्या यादीत साखर, मैदा, डबाबंद काहीच नव्हतं. मुलानं काहीही निवडलं तरी निवड चांगलीच होणार होती. पुढे १९८० च्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हेच सूत्र घरांसाठी सोपं करून मांडलं. काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं ठरवावं. आपण बहुतेक घरांत उलटं करतो. काय खायचं ते मुलाला विचारतो, “बाळा, मॅगी हवी की भात?” आणि किती खायचं ते आपण ठरवतो.

दोन वर्षांच्या सुमारास आणखी एक घोळ होतो. काल आवडीनं खाल्लेला दुधी आज थुंकला जातो, नवीन काही ताटात आलं की रडारड होते. नवं अन्न नाकारण्याची ही वृत्ती त्या वयात स्वाभाविक आहे. ती ओसरायला एकच पदार्थ आठ-दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आग्रहाशिवाय. आपण तिसऱ्या खेपेला “याला मेथी आवडत नाही” असा शिक्का मारतो आणि तो लग्नापर्यंत राहतो. ताटात चमचाभर मेथी ठेवा, आपणही खा, काही बोलू नका. नाही खाल्ली तर उचलून ठेवा. पाळणाघरात आणखी एक इलाज होता: शेजारचं मूल. एकानं काकडी कुरकुरीत वाजवत खाल्ली की चौघांना ती हवी असायची. घरी शेजारचं मूल म्हणजे तुम्ही.

या पुस्तकातले पदार्थ मी चार विभागांत मांडलेत. पहिल्यात भात-भरडीचे, दुसऱ्यात थालीपीठ-धिरडी-घारगे असे हाताने धरून खायचे, तिसऱ्यात अंडी-मासे-मांसाचे आणि चौथ्यात प्रवासाला, पाळणाघराला, अंगणवाडीला डब्यात नेण्याजोगे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला अंगणवाड्यांची योजना सुरू झाली तेव्हापासून या राज्यातल्या लाखो मुलांच्या पोटात तिथला खाऊ गेला आहे. अंगणवाडीतून घरी मिळणारं पाकीट बरीच घरं बाजूला टाकतात, म्हणून त्यापासून करता येतील असे पदार्थही चौथ्या विभागात दिले आहेत. प्रत्येक पदार्थ मोठ्यांच्या स्वयंपाकातूनच निघतो. फोडणीत तिखट पडण्याआधी आणि मीठ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढायचं, एवढाच फरक. मुलासाठी वेगळा स्वयंपाक करणारी आई पंधरा दिवसांत थकते, आणि मूल घरच्या चवीला परकं राहतं.

मी डॉक्टर नाही. मुलाचं वजन दोन-तीन महिने एका जागी थांबलं, घास गिळताना रोज ठसका लागत असेल, अंगावर पित्त उठत असेल किंवा मूल सतत मलूल असेल, तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरांकडे जा. बाकी सगळ्यांना एकच विनंती. आज रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, मुलाच्या पुढ्यात छोट्या वाटीत तुमच्याच पातेल्यातलं वाढा, त्याच्या हातात चमचा द्या आणि शेजारी बसून तुम्ही जेवा. सांडेल. फरशी पुसायला पाच मिनिटं लागतात.